वैद्यबुवांचे म्हातारे सेल

घरातला सेल जिवंत की मेलेला, हे ठरवायचा अधिकार एकट्या वैद्यबुवांचा होता. ते काही खरे वैद्य नव्हते. सेलांची नाडी बघतात म्हणून बायकोच्या बहिणीने ठेवलेलं ते नाव. सेल वीतभर उंचीवरून फरशीवर उभा सोडायचा. धप्पकन बसला तर ठणठणीत, टुणकन उडाला तर आतून संपत आलेला. पण उडालेला सेलही ते टाकत नसत. टॉर्चमधून निवृत्त झालेला सेल रेडिओत जाई, तिथून रिमोटमध्ये आणि शेवटी भिंतीवरच्या घड्याळात. ते घड्याळ बिचारं धापा टाकत चाले. घरात वेळ बघताना त्यात अंदाजाने थोडी भर घालायची पद्धतच होती.

"अहो, माणसंसुद्धा कधीतरी थकतात," बायको म्हणे. "तुमच्या सेलांना मरायची तरी परवानगी द्या!"

तिने वजनकाटा आणला, तेव्हा त्यातले कोरे सेल वैद्यबुवांनी लगेच टॉर्चमध्ये घातले आणि काट्यात घड्याळातला एक, रिमोटमधला एक असे दोन म्हातारे बसवले.

काटा आणायला कारण होतं. ताई, म्हणजे नाव ठेवणारी ती मोठी बहीण, बायकोला लहानपणापासून 'भोपळी' म्हणायची. चार लोकांतसुद्धा. शेवटी पैज लागली. "पासष्टच्या खाली ये, जन्मात पुन्हा म्हणणार नाही. रविवारी येऊन स्वतः बघते." तेव्हापासून बायको ताटातलं अर्धं अन्न बाजूला सारत होती.

शनिवारी ती काट्यावरूनच ओरडली, "अहो! चौसष्ट!"

इतकी खूश ती कित्येक दिवसांत दिसली नव्हती. वैद्यबुवाही हसले. मग त्यांची नजर घड्याळाकडे गेली. जो सेल तिथे वेळ मागे दाखवत होता, तो काट्यात वजन मागे दाखवणार नाही कशावरून? सांगावं तर तिचा आनंद मातीत. न सांगावं तर ताई म्हणजे दुधातलं पाणी भांड्याच्या आवाजावरून ओळखणारी बाई.

रविवारी सकाळी त्यांनी गुपचूप कोरे सेल विकत आणले. दुकानदाराने दोनदा विचारलं, "नक्की नवेच हवेत ना?"

ताईने चपला काढायच्या आधीच तोंड उघडलं. "काय भावजी, काट्यात सेल कुठले? तुमच्या वृद्धाश्रमातले?"

वैद्यबुवांनी खिशातून नव्या सेलांचं पाकीट काढलं. "अगं, चुकलंच माझं. जुने होते. हे घालतो."

"म्हणजे चौसष्ट खोटं?" बायकोचा चेहरा उतरला. "तुमच्या चिक्कूपणापायी मी पुन्हा भोपळी!"

नवे सेल बसले. ती डोळे मिटून काट्यावर चढली. ताई वाकली. मग चष्मा लावून पुन्हा वाकली.

"उतर. पुन्हा चढ." आणि जरा वेळाने, "चौसष्टच आहे गं."

काटा पहिल्यापासून खरंच बोलत होता! बायकोने तिथल्या तिथे गिरकी घेतली. वैद्यबुवांना मात्र आनंदाच्या भरातही एक कळ आली. कोऱ्या सेलांचं पाकीट उगाचच फोडलं होतं.

"भावजी, आता तुम्ही चढा," ताई म्हणाली.

"मी कशाला?"

"चढा म्हणते ना!"

ते चढले. आकडा बघायला आता बायकोही वाकली.

"अहो, एवढं कशाने वाढलं?"

"तू ताटात टाकायचीस ना," वैद्यबुवा पुटपुटले, "ते वाया जाऊ नये म्हणून..."

ताईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "बरं झालं बाई. इतक्या वर्षांचं वापरातलं नाव, टाकून द्यायचं जिवावर आलं होतं. चला, उतरा आता, भोपळेबुवा!"