एका बोकडाच्या दोन लाहा

रूपलीबाईला थोरल्या जावेच्या घरात राहायला येऊन अकरा महिने झाले होते, आणि त्या अकरा महिन्यांत दोघींची तोंडं एकाच वेळी बंद असल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. जावेचं नाव नानीबाई. घर नानीबाईचं, चूल नानीबाईची, दळायच्या घट्टीचा खुंटासुद्धा नानीबाईचा. रूपलीनं भाकर थापली की ती जाड, कालवण केलं की नुसतं पाणी, आणि बिचारी गप्प बसली तर, "बघा, मनातल्या मनात शिव्या देतेय!"

रूपलीचं स्वतःचं घर गेल्या चैत्रातल्या वावटळीनं नेलं. नवरा त्याआधीच तापानं गेला होता. नवरा गेला तेव्हा ती पोटभर रडली होती. घर गेलं तेव्हा मात्र डोळ्याला पाणी आलं नाही, कारण दुसऱ्याच्या चुलीपुढं बसणं म्हणजे काय असतं ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक होतं. आता तिला फक्त एक घर हवं होतं, चार हात लांबीचं का होईना, ज्यात तिच्या भाकरीला कुणी नाव ठेवणार नाही.

अक्राणीच्या डोंगरातला हा बावीस घरांचा पाडा. साल एकोणीसशे सदतीस-अडतीसचं. घर बांधायला तिथं ना गवंडी लागे ना मजुरी. लाह बोलवायची. म्हणजे काय, तर पाड्याच्या कारभाऱ्याला सांगून एक दिवस ठरवायचा. त्या दिवशी प्रत्येक घरातून माणूस कुऱ्हाड-दोरी घेऊन येतो, आणि सूर्य मावळायच्या आत घर उभं. बोलावणाऱ्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि ज्यानं तुझ्या लाहेला हात लावला त्याच्या लाहेला तू जायचंच. मग तू आजारी अस, नाहीतर त्याच्याशी तुझं भांडण अस.

रूपलीनं खांब तासून ठेवले होते. बांबूचे कुड विणले होते. आणि एक बोकड वर्षभर असा पोसला होता की नानीबाई म्हणायची, "नवऱ्याला एवढं खाऊ घातलं असतंस तर वाचला असता." लाह बुधवारची ठरली होती. गुरुवारपासून भोंगऱ्याचे, होळीआधीच्या खरेदीचे बाजार, मग होळी, आणि होळी झाली की अर्धा पाडा खाली तापीकाठी, सारंगखेड्याच्या अंगाला मजुरीला. बुधवार गेला की वर्ष गेलं.

आणि सोमवारी तो कागदवाला आला.

पुण्याहून आलेला प्रोफेसर होता तो. नंदुरबारपर्यंत आगगाडीनं, तळोद्यापर्यंत बैलगाडीनं आणि पुढं देवाच्या भरवशावर. काखेत छत्री, डोक्याला टोपी, पिशवीत बिस्किटांचे दोन डबे. मागं दुभाष्या झिपरू, रनाळ्याचा; जंगल-ठेकेदाराकडं चार वर्षं राहून डोंगरातली बोली शिकलेला, निदान तसं सांगणारा. झिपरूच्या डोक्यावर कागदांचा गठ्ठा. दुष्काळ, पटकी, जंगलाचे नवे कायदे, एवढं सगळं होऊन डोंगरातली माणसं टिकतात कशी आणि बदलतात किती, हे त्याला लिहून न्यायचं होतं. घरटी एक कागद, कागदावर एकेचाळीस प्रश्न. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

पहिलाच कागद म्हाताऱ्या बुध्याच्या अंगणात उलगडला. बुध्यानं सगळे प्रश्न झिपरूच्या तोंडून ऐकून घेतले, विडी विझवली आणि म्हणाला, "हे काम मोठं आहे. एकट्याचं नाही."

"अहो, पण तुमच्या घराचीच माहिती द्यायची आहे," प्रोफेसर म्हणाला.

"माझ्या घराची गोष्ट मी एकटा कशी सांगू? माझं घर मी एकट्यानं बांधलं का? तू लाह बोलव."

डोंगरात देवालाही तू आणि साहेबालाही तू.

झिपरूनं समजावलं, "साहेब, आठे असं शे, आख्खं गाव एक दिनमा गोळा व्हई आनि समदं काम एकच झटकामा व्हई जाई." लाह म्हणजे लोक जमतात, एवढंच झिपरूला माहीत. उरलेलं त्यानं कुणाला विचारलं नाही, आणि साहेबानं झिपरूला विचारलं नाही. साहेब तर हरखूनच गेला. लगेच वही काढून त्यानं काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "बोलवा! परवाच बोलवा!"

परवा म्हणजे बुधवार.

रूपलीला कळलं तेव्हा ती पाणी भरत होती. हंडा तिथंच आपटून ती कारभारी सुरुपसिंगच्या ओट्यावर गेली.

"कारभारी, बुधवार माझा आहे."

"पाहुणा आहे, रूपली. लांबून आलाय. गुरुवारी जाणार. तुझं घर कुठं पळून जातंय?"

"माझं घर पळूनच गेलंय ना, म्हणून तर लाह!"

ओट्यावरचे म्हातारे हसले. सुरुपसिंग हसला नाही. माणूस वाईट नव्हता, पण सरकारी वाटणाऱ्या कागदाला तो भ्यायचा. "पुढच्या वर्षी पहिली लाह तुझी," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी? तोवर खांबांना वाळवी लागेल, आणि मला नानीबाई!"

रूपलीचं त्या दिवशी काळीज फाटलं. घरी आली तर नानीबाई दारात उभी. "काय झालं, नाही म्हणाला?" रूपलीनं मान डोलावली. नानीबाईनं कपाळावर हात मारला. "म्हणजे अजून एक वर्ष? देवा रे, माझं काय चुकलं होतं?" दुःख दोघींचं एकच होतं, पण म्हणून काही त्या दिवशी भांडण टळलं नाही.

बुधवारी सकाळी बावीस घरांतून माणसं कारभाऱ्याच्या अंगणात आली. लाह म्हटल्यावर येताना सगळ्यांनी कुऱ्हाडी, दोर, पहारी आणल्या. प्रोफेसर खाटेवर बसला होता, त्यानं एवढ्या कुऱ्हाडी बघितल्या आणि झिपरूच्या मागं सरकला. "यांना सांगा, मी कुणाचं काही वाईट..."

"घाबरू नका साहेब, त्या जबाब देवाले येल शेतस." जबाब द्यायलाच आलेत, असं झिपरूचं म्हणणं.

पहिला प्रश्न आला आणि जो तो शेजाऱ्याला कोपरानं ढोसायला लागला. रूपली मागं बसली होती, हाताची घडी घालून. तिनं गर्दीवरून एक नजर फिरवली, मग उठली आणि म्हणाली, "विचार. मी सांगते." आणि ती सांगत गेली. तीस वर्षांत काय बदललं? "तेव्हा बुध्याला दात होते." पटकी आली तेव्हा काय केलं? "मेलेल्यांना पुरलं, उरलेल्यांना जेवू घातलं." मग इतरांनाही तोंड फुटलं. एकानं सुरुवात करायची, दुसऱ्यानं दुरुस्त करायची, तिसऱ्यानं दोघांना खोटं पाडायचं, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून एक उत्तर पक्कं करून साहेबाला द्यायचं. तेच उत्तर बावीस कागदांवर. प्रोफेसरनं विनवलं, की निदान मेंढ्या तरी प्रत्येकाच्या वेगळ्या असतील! सुरुपसिंग म्हणाला, "चरतात एकत्रच."

एकवीस प्रश्न झाले आणि सूर्य डोक्यावर आला. माणसं इकडं तिकडं बघायला लागली. कुठं चूल पेटलेली दिसेना.

"साहेब," झिपरू हळूच म्हणाला, "लोकेसले भूक लागी गयी."

"मग त्यांनी जेवून यावं."

हे झिपरूनं भाषांतर करून सांगितलं आणि म्हाताऱ्यांनी कानांना हात लावले. लाह बोलावून उपाशी पाठवायचं? असं या पाड्यात बापजन्मी झालं नव्हतं. सुरुपसिंगचा चेहरा विटेसारखा लाल झाला. लाह त्याच्या पाड्यात, त्याच्या शब्दावर, लाज त्याची. प्रोफेसरनं बिस्किटांचे डबे उघडले. माणशी दीड बिस्कीट आलं, म्हाताऱ्यांनी अर्धं ठेवून घेतलं औषध म्हणून.

शेवटी कारभारी रूपलीपाशी आला. खाली बघत म्हणाला, "रूपली, तुझा बोकड..."

"लाहेचा आहे."

"तेच म्हणतो. ही लाहच आहे ना?"

"ही त्याची लाह. बोकड माझ्या लाहेचा. माझी लाह असेल तर आत्ता कापते. नसेल तर खा बिस्किटं!"

हे सकाळपासून तिच्या मनात होतं. कारभाऱ्याला बाईमाणसानं असं बोलायचं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. तेवढ्यात गर्दीतून नानीबाई ओरडली, "अरे करा ना तिची लाह! माझ्या घरातून ही बया आज गेली नाही, तर मीच जाते कागदवाल्याबरोबर पुण्याला!"

माणसं खो-खो हसली आणि उठली. कुऱ्हाडी हातात होत्याच.

प्रोफेसर गोंधळून उभा राहिला. "अहो, पण माझे वीस प्रश्न राहिलेत!"

सुरुपसिंगच्या अंगात आता पुन्हा कारभारी आला होता. "पाहुण्या, तुझ्या लाहेला पहिला हात हिनं लावला. आता हिच्या लाहेला तुला आलंच पाहिजे. टोपी काढ, खांबाला हात लाव."

"आणि तुझे प्रश्न," रूपली म्हणाली, "खांब उचलताना विचार."

खरंच विचारले त्यानं. बिचारा हाडाचा अभ्यासू. खांबाचं एक टोक खांद्यावर, घामानं चष्मा घसरतोय आणि तोंडानं चालू, "प्रश्न बावीस. संकटकाळी आपण कोणावर अवलंबून..."

"सोडू नको! आधी सोडू नको!" चारी बाजूंनी लोक ओरडले. त्यानं सोडला. झिपरूच्या पायावर. "माय वं! मेलू मी!" झिपरू एका पायावर नाचला आणि पाडा पोट धरून हसला. त्यानंतर प्रोफेसरनं काही सोडलं नाही. आढं चढलं, वासे बसले, कुड बांधले, गवत चढलं. बायकांनी बोकड शिजवला. साहेबाच्या हाताला असे फोड आले की जेवायला घास धरवेना, मग पेन्सिल कुठली धरवणार. बावीस नंबरचा प्रश्न तसाच कोरा राहिला. पण खाताना तो सारखा त्या नव्या छपराकडं बघत होता, आणि झिपरूला म्हणाला, "कागद बांधून ठेव. आता नको."

दिवस कलला. माणसं जेवून पांगली. रूपली आपल्या घरात एकटी उभी राहिली. इकडच्या कुडापासून तिकडच्या कुडापर्यंत चालली, परत आली. कुणी काही बोललं नाही. अकरा महिने ती या शांततेची वाट बघत होती, आणि आता ती शांतता तिला खायला उठली. एवढ्याशा घरात एवढं मोठं गप्पपण! तिला नवऱ्याची आठवण आली, आणि स्वतःचीच लाज वाटली, कारण त्याच्याहून जास्त तिला नानीबाईची आठवण येत होती.

दारात खापरीत निखारे घेऊन नानीबाई उभी होती.

"चुलीला आग नको का तुझ्या?" ती म्हणाली. आत आली, खाली बसली, निखारे चुलीत ओतले, फुंकले. उठली मात्र नाही. उगाच निखारे सारखे करत राहिली, मग एकदम पदर डोळ्याला लावून म्हणाली, "मेले, आता मी भांडू कुणाशी? माझा नवरा, तुझा जेठ, तर ऐकतच नाही."

रूपलीला हसूही आलं आणि रडूही. ती तिच्या शेजारी टेकली.

"सकाळी ये," ती म्हणाली. "आजचं भांडण तसंही राहिलंच आहे."

नानीबाई दुसऱ्या दिवशी कोंबडं आरवायच्या आत आली.