फिजिक्स म्हणजे काय, सर

डेमो द्यायला आलेला माणूस म्हणजे तिचे अकरावीचे मोरेश्वर सर, हे दिसलं तेव्हा अपर्णानं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

पांढुर्ण्यातला हा कोचिंग क्लास तिचा. कोणाला घ्यायचं ते तीच ठरवते, पोरांपुढं पंधरा मिनिटं शिकवायला लावून. सर रिटायर झालेले. घरी सुनेपुढं दिवसभर बसवत नाही, म्हणून नोकरी पाहिजे. त्यांनी तिला ओळखलं नाही.

(इथं मधे वीस वर्षं. सौंसर, अकरावी. तिनं विचारलं, "सर, फिजिक्स हा शब्द आला कुठून?" सर वर्गाकडे पाहून म्हणाले, "यशवंतरावले सांगा, पोरगी जामसांवलीले नेऊन आण." जामसांवली म्हणजे भूतबाधा अन् वेड उतरवायचं हनुमानाचं ठाणं. वर्ग हसला. कोणीतरी तो निरोप खरंच घरी पोचवला. संत्र्याच्या बागेतले तिचे वडील हसले नाहीत. मास्तर बोलले म्हणजे पोरीत काही बिघाड असेल. सव्वा महिना त्यांनी तिला हनुमानाच्या दारी बसवलं. तेवढ्यात प्रॅक्टिकल होऊन गेलं. वर्ष गेलं.)

डेमोत सर गतीचे नियम शिकवत होते. छान शिकवत होते. त्याचाच तिला जास्त राग आला.

"सर, फिजिक्स या शब्दाचा अर्थ?"

"मॅडम, हे सिलॅबसमध्ये नाही."

"मी विचारून राहिली."

"पोरांचा टाइम जाते न."

ती उठली. "ग्रीक शब्द आहे. फ्युसिस. उगवणं, वाढणं. जे आपल्या स्वभावानं उगवते, वाढते, म्हणजे निसर्ग. त्याची विद्या ती फिजिक्स. आपला भू धातू, होणं, तो त्याच मुळाचा. भौतिकी त्यातूनच आली. रद्दीतल्या कोशात सापडलं मला. वर्ष गेलं होतं, दुसरं काम नव्हतं. मी यशवंतरावांची अपर्णा."

सरांच्या हातातला खडू थांबला.

"अवो, मी तर मजाक केली होती."

"बाबांना ती समजली नाही. त्यांना तुमचा शब्द खरा वाटे."

"नोकरी देते," ती म्हणाली. "दर नव्या बॅचला पहिल्या तासाला हा अर्थ सांगायचा. मग एका पोरीनं तो विचारला तर तुम्ही काय म्हटलं, अन् तिचं काय झालं, तेही सांगायचं. पूर्ण. न हसता."

"अन् नाही म्हटलं तर?"

"दार उघडंच आहे."

सरांनी दाराकडे पाहिलं.

"बॅचेस किती आहेत?"

"सध्या सात. ही पहिली."

ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. हाताची घडी घातली.

"सुरू करा."