वाल्मिकच्या कॉम्प्युटरला ताप

पोलीस भरतीच्या मैदानात वाल्मिक दरवर्षी पळायचा आणि दरवर्षी मागं राहायचा. स्वतःचे पाय पळेनात, म्हणून गड्यानं आता कॉम्प्युटर पळवायला काढला होता. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगाच्या कितीतरी पुढं, तासभर, न थांबता. तेवढं जमलं तर कॉम्प्युटर पळवायच्या ऑनलाइन स्पर्धेत त्याचं नाव पहिलं लागणार होतं. पोराचं नाव एकदा तरी, कुठंतरी पहिलं लागावं, यापलीकडं त्याच्या आईला, गोजरबाईला, काही नको होतं.

पण मे महिना, जामखेडकडचं ऊन आणि डोक्यावर पत्रा! यंत्र पळायला लागलं की तापायचं, आणि पडद्यावरचा तापाचा आकडा पंच्याण्णवला पोचला की आपोआप बंद पडायचं. म्हणून गोजरबाईनं खिडकीला ओलं गोणपाट बांधलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन लावला, सकाळपासून गॅससुद्धा पेटवला नाही. "आता बघतेच कसं तापतंय मेलं," ती म्हणाली. वाल्मिकनं स्पर्धा सुरू केली. आकडा ऐंशीवर थांबला.

तेवढ्यात शेजारचा अजिनाथ पाना मागायला आला.

"आवाज करू नगं. कॉम्प्युटरला ताप हाय," गोजरबाई बोलून गेली.

अजिनाथनं चपला काढल्या, डब्यावर हात ठेवला आणि तोंड एवढंसं केलं. "चटका बसतोय की वो, वैनी! कवापासनं?"

झालं! आता आजाऱ्याला भेटायला जायचं म्हणजे जायचं. तो माणूस आहे का डबा आहे, हे बघत बसणारं हे गाव नव्हे. घटकाभरात दारात चपलांचा ढीग लागला. कुणी नारळपाणी आणलं, कुणी केळी, कुणी बिस्किटाचा पुडा. जो तो डब्यावर हात ठेवायचा, च्‌ च्‌ करायचा आणि फॅनच्या पुढ्यातच बसकण मारायचा. छगन तर सगळ्यांवर कडी! म्हणाला, "श्रीगोंद्याला माझ्या साडूच्या कॉम्प्युटरला आसाच ताप आल्ता. दुपारी बरा बोलत हुता, दिवस मावळायला गेला."

"छगनतात्या, जरा सरका की," वाल्मिक रडकुंडीला आला. "नव्वद झालं!"

"पोरगं लई हबाकलंय," छगन म्हणाला, आणि धीर द्यायला आणखी जवळ सरकला.

माणसागणिक आकडा चढत होता. त्यात भेटायला आलेल्याला बिनचहाचं कसं धाडायचं? गोजरबाईनं देवाचं नाव घेऊन गॅस पेटवला. त्र्याण्णव. पाव तास अजून बाकी होता. पोराच्या कपाळावरचा घाम बघून तिनं गॅस बंद केला. मग ती उंबऱ्यात उभी राहिली.

"आलात, लई बरं वाटलं," ती हात जोडून म्हणाली. "पर रातीला याच्या उशाशी कुनीतरी जागाया पायजे. कोन ऱ्हातंय?"

अजिनाथला लगेच धारा आठवल्या, कुणाला विहिरीवरची मोटार, कुणाला देणंघेणं नसलेल्या चुलत्याची तब्येत. छगन जाताना चुकून दोन्ही डाव्या चपला घालून गेला.

कोपऱ्यात एक बाई तेवढी राहिली. गोजरबाईची धाकटी जाऊ, लंकाबाई. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींचं बोलणं बंद होतं. गेल्या साली गोजरबाईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं, सारं गाव खाटेभोवती जमलं, पण ही बया फिरकली नव्हती. ते गोजरबाईच्या फार मनाला लागलं होतं.

"मी ऱ्हाते," लंकाबाई म्हणाली. भिंतीवरचं सूप काढून ती डब्याला वारा घालू लागली. गोजरबाईनं गुमान दुसरं सूप घेतलं. नव्वद. अठ्ठ्याऐंशी. हात भरून आले तरी दोघी थांबल्या नाहीत.

"आई! पयला! पयला आलो मी!" वाल्मिक ओरडत अंगणात पळाला. आज मात्र झकास पळाला.

गोजरबाईला भरून आलं. पोराचं सुख होतंच, पण आतली सलही वर आली. "डब्यासाठी आलीस," ती म्हणाली. "मी दवाखान्यात हुते, तवा का न्हाई आलीस?"

"आल्ते की, आक्का." लंकाबाईचं सूप अजून चालूच होतं. "दारातनं बघितलं तर तुज्याभवती ही गर्दी. तू घामानं निथळत हुतीस. म्हनलं, मी आनिक कशाला उकाडा वाढवू? म्हनून भाईरनंच फिरले."

गोजरबाईनं पदरानं डोळे पुसले आणि तिच्या हातातलं सूप काढून घेतलं.

"बस आता. च्या टाकते."