नळाचं पहिलं पाणी

वस्तीत तिला सगळे ‘पाण्याची बाई’ म्हणत. नोकरी जलसंशोधन केंद्रातली. घरोघरी जायचं, नळ सोडायचा, पाणी जरा वाहू द्यायचं आणि मग बाटली भरायची, अशी नियमाची पद्धत. वर्षभर तिने ती इमानेइतबारे पाळली आणि वर्षभर पाणी निर्दोष ठरत आलं.

एका सकाळी घरी बाळाच्या दुधासाठी पातेलं नळाखाली धरलं आणि ती थबकली. आपण कुठे वाहू देतो? पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या घरात कोण वाहू देतं? नळीत रात्रभर मुरलेलं पाणीच सगळ्यात आधी पोटात जातं. वस्तीतल्या नळ्या तर आजेसासऱ्यांच्या काळच्या, शिशाच्या. आणि ती नेमकं तेवढंच पाणी ओतून देऊन तपासणी करत होती.

दुसऱ्या दिवशी तिने कोपऱ्यातल्या शिंपिणीकडे नळाची पहिली धार धरली. प्रयोगशाळेत शिशाचा एवढा मोठा आकडा दिसला तेव्हा यंत्रच बिघडलं असेल म्हणून तिने नमुना पुन्हा घातला. आकडा काही हलेना.

“हा नमुना पद्धतीत बसत नाही,” प्रमुख सर म्हणाले. “अहवालात घेता येणार नाही.”

“पण सर, लोक हेच पितात! त्यांना कळायला नको? आपणच अहवालात लिहिलंय ना, स्वच्छ पाणी आणि त्याची खरी माहिती हा माणसाचा हक्क आहे म्हणून?”

“अगं, ते प्रस्तावनेत.” सर हसले. “प्रस्तावना कोण वाचतं? पाणीखात्याची मंजुरी येऊ दे, मग बघू. तोवर तोंडाला कुलूप. बाहेर शब्द गेला तर तुझी नोकरी मला वाचवता यायची नाही. तुझंही लेकरू लहान आहे.”

ते धमकावत नव्हते, काळजीने सांगत होते.

मंजुरी म्हणजे महिने. शिंपिणीचं तान्हं नळाच्या पाण्यात कालवलेल्या पावडरीच्या दुधावर होतं. स्वतःच्या बाळाला थोपटताना तिला त्या तान्ह्याचाच चेहरा दिसत राहिला. उजाडताच तिने बाळाला सासूच्या हवाली केलं आणि निघाली.

“या, पाण्याची बाई!” शिंपीण दारातच हसली. “आज कोंबड्याच्या आधी? आमच्या नळाला दृष्ट लागली की काय?” हातात दुधाची बाटली, ती हलवत होती.

“ते पाजू नका.”

“का बरं?”

“नळाच्या पहिल्या पाण्यात शिसं उतरतंय. विषच ते.”

“मी उकळून घेते की!”

“उकळून शिसं जात नाही. पहिलं पाणी सोडून द्यायचं, मग भरायचं.”

“सोडून द्यायचं? पाणी येतं चिमूटभर, ताई. बादलीभर सांडलं तर सासूबाई मलाच सांडतील गटारात.” तिचं हसू अर्ध्यावरच विरलं. “आणि तुम्ही तर इतके दिवस चांगलं म्हणत होता.”

“चुकीचं पाणी तपासत होतो आम्ही. परवा कळलं.”

“परवा?”

परवा आणि आज यांच्यात या बाळाने किती बाटल्या रिचवल्या, तो हिशेब दोघींच्याही डोळ्यांत होता.

उंबऱ्यावर शिंपिणीची थोरली बसली होती. तीन वर्षांची, गोरीगोमटी, चिंध्यांशी खेळणारी. शिंपिणीने तिच्याकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आला.

“ही अजून बोलत नाही हो. सगळे म्हणतात, काही मुलं उशिरा बोलतात. हिलाही मी हेच पाजलंय.” ती थांबली. “याच्यामुळे असेल?”

‘माहीत नाही’ म्हणणं सोपं होतं. सर तेच म्हणाले असते.

“असू शकतं,” ती म्हणाली. “रक्त तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.”

शिंपिणीने बाटलीतलं दूध मोरीत ओतलं. तान्ह्याला पाठीशी बांधलं, थोरलीला कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने पाण्याच्या बाईचं मनगट घट्ट पकडलं.

“चला दवाखान्यात. तुम्हीच सांगायचं डॉक्टरांना, काय सापडलं ते. माझं कोण ऐकणार?”

पर्समधला फोन वाजायला लागला. सरांचाच असणार. शेजारची दारं एकेक करून उघडत होती आणि बायका काय झालं म्हणून विचारत होत्या. शिंपीण चालत चालतच मोठ्याने सांगत सुटली. मनगट तिने सोडलं नाही.