फाटकाकडे डोळे लावून

मित्रांनो, मी कुरणाच्या टोकाला उभी असलेली एक जुनी पत्र्याची झोपडी आहे. चार बाकं, एक चूल आणि कधी कुलूप न लागलेलं दार, एवढाच माझा संसार. वाटसरूंना रात्र काढता यावी म्हणून या शेताच्या म्हाताऱ्या मालकांनी मला स्वतःच्या हातांनी बांधलं. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी सुकी लाकडं ठेवायची, हा इथला रिवाज. पण सध्या माझा जीव थाऱ्यावर नाही.

त्याचं असं झालं. ऐन उन्हाळ्यात एक जोडपं मुक्कामाला आलं. इतकं नीटनेटकं, की माझा कोपरान् कोपरा झाडून काढला. निघताना बाईंना कुरणाचं फाटक सताड उघडं दिसलं. "काय बेफिकीर माणसं असतात!" म्हणत त्यांनी ते घट्ट लावून टाकलं. अहो, मेंढ्यांना ओढ्यावर जाता यावं म्हणून ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं! मी जिवाच्या आकांताने पत्रे खडखडवले. वारा सुटला असं समजून दोघं झपाझप निघून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालकांची सून आली, तोवर एक गाभण मेंढी तहानेने गेली होती. बाटलीने दूध पाजून तिनेच ती वाढवली होती. यापुढे वाटसरूंना थारा नको म्हणून सून तडक कुलूप घेऊन माझ्या दाराशी आली. मागोमाग सासरे.

"मामंजी, मध्ये पडू नका. माझी मेंढी गेलीय."

"लाव की. मी कुठे नको म्हणतोय?" म्हाताऱ्यांनी खिशातून पेचकस काढला आणि बिजागऱ्या सोडवायला लागले. "दार मी बसवलंय, ते मी घरी नेतो. तू कुलूप चौकटीला लाव."

दार कलंडलं. सुनेने धावत येऊन ते खांद्यावर झेललं. दोघं दाराखाली धापा टाकत उभी राहिली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

"चांगलं समजूनच लावलं गं त्यांनी फाटक," म्हातारे हळूच म्हणाले. "आपण कधी कुणाला सांगितलं का?"

दार पुन्हा बसलं. सुनेने फाटकावर रंगाने लिहिलं, 'जसं दिसेल तसंच ठेवा.' कुलूप मात्र तिने घरी नेलं नाही. माझ्या आत खिळ्याला टांगून ठेवलं, किल्लीसकट.

मित्रांनो, तुम्ही केर काढता, लाकडं ठेवता, तुमचे उपकार आहेत. पण दुसऱ्याच्या रानात काही नीट करायला जाण्याआधी क्षणभर थांबा, एवढंच मागणं. आज पुन्हा ऊन तापलंय, मेंढ्या चरतायत, फाटक उघडं आहे. सकाळी माझ्याकडून निघालेला वाटसरू तिथे थबकलाय. त्याने फाटकावर हात ठेवलाय. तो वाचतोय का? त्याची पाठ माझ्याकडे आहे.