एक सूप, दोन चमचे

हॉटेलच्या लाँड्रीत मी आणि चिमणी कित्येक वर्षं चादरींच्या घड्या घालत आलो. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. गेल्या वर्षी मालकांना आमचं काय कौतुक वाटलं कोण जाणे, दोघींत मिळून एक गिफ्ट कार्ड दिलं, समोरच्या बड्या रेस्टॉरंटचं. दुसऱ्या कुणी एका बैठकीत उडवून मोकळ्या झाल्या असत्या. आम्ही नाही! महिन्यातून एकदा, दुपारी, लिपस्टिक लावून जायचं. एक सूप, दोन चमचे. ब्रेड फुकट, पाणी हवं तेवढं. चॉकलेट केक काचेतून नुसता बघायचा. तो शेवटच्या खेपेला, असं ठरलेलं. कार्ड चिमणीकडे असायचं, कारण माझा विसरभोळेपणा जगजाहीर.

मग घड्या घालायचं यंत्र आलं. आता दोघींतली एकच राहणार, कोण ते लाँड्रीचे साहेब ठरवणार, अशी कुजबुज सुरू झाली. चिमणीनं माझा हात धरला. म्हणाली, "हे बघ, राहिलो तर दोघी, गेलो तर दोघी. साहेबांशी एकटीनं बोलायचं नाही. शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

सोमवारी साहेबांनी मला बोलावलं. "यंत्रावर तू राहा. तुझ्या हाताला सफाई आहे."

घरभाडं, सासूबाईंची औषधं, सगळं डोळ्यांपुढं नाचलं. तरी म्हटलं, "दोघींना ठेवा, नाहीतर मीही निघाले."

"तुझी मर्जी," ते म्हणाले.

बाहेर आले तेव्हा छाती अशी फुगली होती म्हणून सांगू! चिमणीला लगेच काही बोलले नाही. म्हटलं, रेस्टॉरंटमध्ये सांगू आणि केक मागवू. आता कशासाठी राखून ठेवायचा?

गुरुवारी गेलो. मी ऐटीत ऑर्डर दिली, "एक सूप, आणि आज केकसुद्धा!"

वेटर कार्ड तपासून परत आला. "ताई, यात सूपापुरतेच पैसे उरलेत. त्या दिवशी या ताई तुमच्या साहेबांना घेऊन आल्या होत्या ना? त्यांना केक इतका आवडला, दोनदा मागवला." बिचारा हसत हसत सांगून गेला.

चिमणीचा चेहरा पांढराफटक पडला.

"कधी आणलंस त्यांना?" मी विचारलं.

"शनिवारी. रागावू नकोस गं. पोरांच्या फिया तुंबल्यात. तुझ्याविरुद्ध चकार शब्द काढला नाही, शप्पथ. काल त्यांनी मला यंत्रावर घेतलं."

डोकं असं सणकलं! केसानं गळा कापला बयेनं, तोही माझ्या वाटणीच्या पैशानं. आणि शनिवार म्हणजे... केक चापून, तोंड पुसूनसुद्धा साहेबांनी सोमवारी मलाच विचारलं होतं.

मी तेच तिला सांगितलं, चांगलं मोठ्यानं. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या, वळू देत. "मी नको म्हटलं, तुझ्यापायी! म्हणून तुझी वर्णी लागली, बाई. केकानं नाही."

ती हमसून हमसून रडायला लागली. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू?

सूप आलं, नेहमीसारखे दोन चमचे घालून. पहिला घोट कायम माझा असायचा. रडता रडता तिनं सवयीनं बाऊल माझ्याकडे सरकवला.

मी वेटरला हाक मारली. "दादा, अजून एक बाऊल आणा. हे अर्धं अर्धं करून द्या."