उंचावरून ओतलेलं पाणी

प्रकाश सरांनी बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. राजपुऱ्यातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून गेली, आणि आपल्याला सगळं कळतं असं सरांना जे वाटू लागलं ते निवृत्तीनंतरही गेलं नाही. धूलकोटकडच्या शेतात त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. उन्हाळ्याचे दोन महिने तिथं मुक्काम, बाकी वर्षभर कुलूप. विहिरीला पाणी भरपूर, पण लोहाचं. तासभर बादलीत राहिलं की तांबूस व्हायचं, चहा तर काळाठिक्कर.

शेजारच्या मळ्यातली मालूबाई त्यांच्याकडे पाण्याचं बघायची. संध्याकाळी ओट्यावर उभी राहून ती डोक्याच्या उंचीवरून खालच्या पिंपात पाणी ओतायची, पुन्हा भरून घ्यायची, पुन्हा ओतायची. सकाळी वरचं पाणी वाळू-कोळशाच्या मडक्यातून गाळलं की नितळ. सासूनं शिकवलेली रीत.

तीन वर्षांपूर्वी इंदूरहून नवी सून हिमानी आली, तेव्हा सरांना त्या ओतण्याची लाज वाटली. सगळ्यांदेखत म्हणाले, "मालूबाई, बंद करा हा खेळ. पाणी वाळूनं साफ होतं, वरून ओतून काय होतं? नुसता अडाणीपणा." लगोलग फिल्टरचं मशीन आलं. मालूबाई बादली पालथी ठेवून घरी गेली.

मशीन दर उन्हाळ्यात तुंबायचं. यंदा मेकॅनिक चेतननं ते उघडलं आणि लाल गाळ बोटावर घेऊन दाखवला. "सर, विहिरीचं पाणी डायरेक्ट सोडता का? पहले उंचावरून टाकीत पडू द्या. हवा लागली की लोहा खाली बसतो. इतना तो..." पुढचं त्यानं गिळलं.

सरांचे कान तापले. लोहाला हवा लागली की त्याचा गंज होतो, हे त्यांनी स्वतःच फळ्यावर किती वेळा लिहिलं होतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

त्याच दुपारी ते मालूबाईच्या ओसरीवर जाऊन बसले. "माझं चुकलं, मालूबाई. तुमचं ओतणं बरोबर होतं. पाणी त्यानंच साफ व्हायचं."

मालूबाई हातातलं सूप खाली ठेवून समोर टेकली. रागावली असती तर सरांना बरं वाटलं असतं.

"मंग मी घरचं ओतनं उगाच बंद केलं," ती म्हणाली. "तुमी एवढे शिकेल. म्हटलं, गुरुजी सांगतात म्हंजे आपलंच खोटं असंल. नुसतं गाळून पाह्यलं, तं पानी लालच. तवापासून सून शाळेच्या हापशावरून आनते. एक कोस आहे. पोटुशी होती तवाबी आनत होती."

इतक्यात तिची सून वंदना पाहुण्यांसाठी तांब्या घेऊन आली. सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. पाणी स्वच्छ होतं. आयुष्यात इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती, घोट काही घेववेना.

"घ्या ना सर," वंदना म्हणाली. "आत्ताच आनलं."